परतवारीचा नेम



श्रींचे दर्शन घेऊन आपण सभामंडपाबाहेर येता, त्या वेळची मनःस्थिती आपणांस ठाऊकच आहे. दर्शनरांगेत उभे राहून आलेला शीण पायरीवर टेकताच उतरतो. मन हलके होते आणि त्या हलकेपणात अनेक संकल्प आपोआप उमटतात. उद्यापासून पहाटे उठेन. रोज पोथीचा एक अध्याय वाचीन. तंबाखूला पुन्हा हात लावणार नाही. भावाशी धरलेला अबोला सोडीन. अर्धवट राहिलेली परीक्षा यंदा देईनच. हे संकल्प खोटे नसतात. त्या क्षणी ते अगदी अंतःकरणापासून केलेले असतात. पुढे गाडी गावी पोचते, पिशव्या उतरतात, प्रसाद शेजारीपाजारी वाटून होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून नळाची वेळ, दुकानाची वेळ, मुलांची शाळा, घरातील आजारपण, कर्जाच्या हप्त्याची तारीख हे सर्व पूर्ववत सुरू होते. सोबत नेलेल्या अंगाऱ्याची पुडी संपण्यापूर्वीच संकल्प संपलेला असतो.

असे झाले की मनुष्य स्वतःस दोष देतो. आपली भक्तीच कच्ची, आपल्याजवळ निश्चय म्हणून नाहीच, असे म्हणू लागतो. पुढल्या खेपेस दर्शनाला येतो तो थोडा ओशाळलेला असतो. काही जण तर या संकोचापायी येण्याचेच टाळतात. हा दोषारोप कितपत खरा आहे, आणि रोजच्या संसारात मनाची उभारी टिकावी म्हणून आपल्या पूर्वसूरींनी कोणती व्यवस्था लावून दिली आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जाण्याची वाट आणि परतीची वाट

आषाढी वारीचे वर्णन महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यांत पुण्याहून सासवडला जाणारा दिवे घाटाचा टप्पा विशेष कष्टाचा; एका दिवसात तीस किलोमीटरच्या आसपास चाल, आणि तीही चढणीची. तरीही त्या दिवशी घाटात जो उत्साह असतो, तो डोळ्यांनी पाहावा म्हणून हजारो लोक मुद्दाम येतात. वाटेत गावोगावी अन्नदान, मोफत औषधोपचार, पाय चेपून देणारे, चपला शिवून देणारे हात, पुढे रिंगणात धावणारा अश्व. लाखो माणसांच्या त्या ओघात एकट्याचे पाय दुखत असले तरी ओघच त्याला पुढे नेतो.

वारीचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी पाहत नाही. आषाढी पौर्णिमेस गोपाळपूर येथे गोपाळकाला झाला की पालखी परत फिरते. वाट तीच, अंतर तेच. परंतु जाताना अठरा दिवसांच्या आसपास लागतात आणि परतताना ते अंतर दहा-अकरा दिवसांत कापावयाचे असते. रोजची चाल वाढते आणि सोबत घटते. बहुतेक वारकरी एकादशी करून एसटीने अथवा रेल्वेने घरी गेलेले असतात, कारण शेतीची कामे खोळंबलेली असतात. मागे उरतात ती थोडकी माणसे. वाटेवर अन्नछत्रे विरळ, स्वागताच्या कमानी उतरवलेल्या, वार्ताहर नाहीत, छायाचित्रकार नाहीत. पाऊस मात्र लागलेला. यास परतवारी म्हणतात. माउलींच्या पादुका आळंदीस परत पोचवल्याखेरीज वारी पुरी झाली, असे ही थोडकी माणसे मानीत नाहीत.

आम्हांस असे वाटते की गृहस्थाश्रमातील रोजचा दिवस हा बव्हंशी परतवारीचा दिवस असतो. क्षेत्री येणे, लग्नकार्य, नव्या नोकरीचा पहिला महिना, घराची वास्तुशांत हे सर्व जाण्याच्या वाटेवरचे प्रसंग होत. तेथे उत्साह मागावा लागत नाही. परंतु विवाहानंतरचे पंधरावे वर्ष, नोकरीचे बाविसावे वर्ष, अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंची सेवा करण्याचा नऊशेवा दिवस, तिसऱ्यांदा दिलेल्या परीक्षेचा अभ्यास, या ठिकाणी कमानी नसतात. तेथे माणसाला कोण चालवते, हे पाहावयाचे असेल तर परतवारीकडे पाहावे.

तेथे पहाटे ठरल्या वेळी काकडा होतो. ठरल्या ठिकाणी विसावा होतो. ठरल्या गावी मुक्काम पडतो, सायंकाळी हरिपाठ म्हटला जातो. आज चालावेसे वाटते का, असा प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. अडीचशे किलोमीटर चालावयाचे आहेत हा विचारही कोणी वाहून नेत नाही; पुढचा विसावा कोठे, एवढेच ध्यानात असते. विसाव्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असल्यामुळे थकलेल्या मनावर निर्णयाचा भार पडत नाही. हा भाग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. मनुष्य श्रमाने जितका थकतो, त्याहून अधिक तो ‘करावे की न करावे’ या रोजच्या घासाघिशीने थकतो. नेम म्हणजे ती घासाघीस एकदाच उरकून टाकणे.

अर्जुनाची तक्रार

सामान्यतः आपण असे समजतो की आधी उत्साह येतो आणि मग काम होते. ‘मन लागत नाही म्हणून वाचन होत नाही’ असे आपण म्हणतो, ते याच समजुतीने. श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रार हीच आहे. हे मन चंचल आहे, त्याला आवरणे म्हणजे वाऱ्याला मुठीत धरणे, असे तो भगवंतास स्पष्ट सांगतो. येथे भगवंतांनी दिलेले उत्तर काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. ते अर्जुनाला रागावत नाहीत. तू दुबळा आहेस असेही म्हणत नाहीत. मन आवरण्यास कठीण आहे, ही गोष्ट ते प्रथम मान्य करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. रणांगणावर उभ्या असलेल्या त्या महावीराचे मन स्थिर नव्हते; मग दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या आपणां कोणाचे मन सैरावैरा धावले तर त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

‘अभ्यास’ या शब्दाचा मराठीत आज शाळेचा गृहपाठ असा अर्थ रूढ झाला आहे. मूळ अर्थ तीच गोष्ट पुनःपुन्हा करणे असा आहे. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत: तो दीर्घ काळ व्हावा, खंड न पडता व्हावा आणि आदरपूर्वक व्हावा. पहिल्या दोन अटी सर्वांस आठवतात. तिसरी बहुधा विसरली जाते. रागारागाने, स्वतःस शिक्षा केल्यासारखा पाळलेला नेम फार दिवस टिकत नाही, कारण त्यात आदर नसतो. देवापुढील समई घासताना आमच्या जुन्या पिढीतील स्त्रिया कधी घाई करीत नसत. काजळी हलकेच झाडीत, वात सारखी करीत आणि मगच तेल घालीत. काम दोन मिनिटांचेच, परंतु त्यात एक अदब असे. वर्षानुवर्षे ते काम त्यांना कंटाळवाणे झाले नाही, याचे रहस्य त्या अदबीत असावे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचे लक्षण सांगताना धृती आणि उत्साह हे दोन गुण जोडीने आले आहेत. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती. धृती आधी आणि उत्साह नंतर, हा क्रम आम्हांस सूचक वाटतो. अर्थात समासातील शब्दांच्या क्रमावर फार मोठा सिद्धांत उभारू नये, हेही खरे. एवढे मात्र निश्चित की भगवंतांनी उत्साहाला एकटे सोडलेले नाही. त्याच्या शेजारी धरून ठेवणारे कोणीतरी बसवले आहे.

पतंजलींचे नऊ अंतराय

मन मागे का सरते, याची इतकी बारकाईने केलेली चिकित्सा आपल्या वाङ्‌मयात दुसरीकडे क्वचितच सापडेल. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. सर्वांचे विवरण येथे करीत नाही. संसारी माणसाला नित्य भेटणारे तेवढे पाहू.

या यादीत पहिले नाव आळसाचे नाही, व्याधीचे आहे. पतंजलींनी शरीराला प्रथम स्थान दिले, ही मोठी समंजस गोष्ट होय. आपण मात्र उलट करतो. घरातील सून सकाळी उठू शकत नाही, मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि पान उलटत नाही, वडील देवपूजेला बसण्याचे टाळू लागतात, की आपण त्यावर ‘आळस’ असा शिक्का मारून मोकळे होतो. रक्तातील हिमोग्लोबिन उतरले, थायरॉईडचे काम मंदावले, मधुमेह लपून राहिला किंवा झोप पुरेशी झाली नाही, तर मनाची उभारी जातेच. त्यावर उपदेशाचा उपयोग नाही, तपासणीचा आहे. तसेच दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, झोप व भूक बिघडणे, जगणे नकोसे वाटणे, ही नैराश्य या आजाराची लक्षणे असू शकतात. हा आजार आहे, भक्तीची उणीव नव्हे. आणि त्यावर उपचार आहेत. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आपल्या घरात असे कोणी असेल तर त्यास नवस बोलावयास सांगण्यापूर्वी वैद्यांकडे न्यावे. नवसही खुशाल बोलावा.

दुसरा अंतराय ‘स्त्यान’. या शब्दाचा अर्थ थिजलेपण. थंडीत तूप थिजते तसे चित्त थिजते. शरीर निरोगी असते, वेळ असतो, तरी काही हलत नाही. यादीत ‘आलस्य’ हा वेगळा अंतराय पुढे दिलाच आहे, म्हणजे थिजणे आणि आळसावणे या दोन भिन्न अवस्था आहेत हे पतंजलींनी ओळखले होते. थिजलेले तूप कोणी हातोड्याने फोडीत नाही. वाटी चुलीच्या कडेला ठेवतात. थिजलेल्या मनालाही असेच थोडे उबेजवळ ठेवावे लागते: कोणाच्या सोबतीत बसणे, फाटकापर्यंत चालून येणे, पोथी वाचवत नसेल तर नुसती उघडून समोर ठेवणे.

‘संशय’ हा अंतराय सुशिक्षितांना विशेष छळतो. इतके करून काय मिळाले, असे तो कानाशी लागून विचारतो. आणि शेवटचे दोन अंतराय तर जणू आपल्या क्षेत्री येणाऱ्या भाविकांनाच उद्देशून सांगितले असावेत. अलब्धभूमिकत्व म्हणजे कितीही केले तरी पुढची पायरी न सापडणे. अनवस्थितत्व म्हणजे पायरी सापडणे, परंतु तीवर टिकता न येणे. मंदिराच्या पायरीवर लाभलेली शांती घरच्या पायरीपर्यंत टिकत नाही, हा आपला अनुभव म्हणजेच अनवस्थितत्व होय. लक्षात घ्यावयाचे ते असे, की ही यादी सामान्य संसारी जनांसाठी केलेली नाही. समाधीचा अभ्यास करणाऱ्या साधकांसाठी ती केलेली आहे. त्यांचेही मन घसरत होते.

या सर्वांवर पतंजलींनी सांगितलेला उपाय म्हणजे एका तत्त्वाचा अभ्यास. एकाच. पायरीवर बसून केलेले पाच संकल्प घरी टिकत नाहीत, याचे एक कारण ते पाच असतात हे आहे.

वसा कसा घ्यावा

आपल्या श्रावणातील कहाण्यांत ‘वसा’ हा फार सुंदर शब्द येतो. गरीब स्त्री वाटेत नागकन्या किंवा देवकन्या पाहते, आम्हांलाही वसा सांगा म्हणते. तेव्हा त्या आधी बजावतात की तू पुढे मातशील आणि घेतलेला वसा टाकशील. येथे एक गोष्ट ध्यानात यावी. कहाणीतील माणसे दारिद्र्यात वसा टाकीत नाहीत. ती बहुधा भरभराट झाल्यावर टाकतात. आपणही आजारपणात रोज दिवा लावतो आणि आजार बरा झाला की विसरतो. परीक्षेच्या वर्षी पहाटे उठतो आणि नोकरी लागली की उठत नाही. मनाची उभारी दुःखानेच खचते असे नाही, ती सुखानेही सैल पडते, एवढे मानसशास्त्र या कहाण्यांना अवगत होते.

वसा मोठा नसतो. त्याला दिवस ठरलेला असतो, साहित्य ठरलेले असते आणि त्याला उद्यापन असते. चातुर्मासाचा नेम आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच धरतात. जन्मभर वांगे खाणार नाही असे कोणी म्हणत नाही. चार महिने खाणार नाही असे म्हणतात, आणि ते साधते. संपण्याची तिथी डोळ्यांपुढे असली की मन कुरकुरले तरी सोबत चालते. आजकाल मात्र आपण जे निश्चय करतो त्यांना उद्यापनच नसते. ‘आता कायमचे’ असे म्हणतो, आणि ‘कायमचे’ हा शब्द ऐकूनच मन बसकण मारते.

एकवीस दिवस केले की सवय लागते, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. यास आधार फारसा नाही. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांचे सहकारी यांनी ९६ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच नवी सवय निवडली आणि ती रोज ठरावीक प्रसंगाला जोडली; उदाहरणार्थ, सकाळच्या न्याहारीनंतर. सवय अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागतात असे त्यातून दिसले. परंतु कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. शेजारणीला तीन आठवड्यांत जमले आणि आपल्याला तीन महिन्यांतही जमले नाही, तर त्यात काही विपरीत नाही. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या क्रियेत विशेष बाधा येत नाही, हेही या अभ्यासात आढळले. आणि ठरावीक प्रसंगाला जोडणे, ही युक्ती तर आपल्या घरांत जुनीच आहे. शुभं करोति म्हणण्यासाठी कोणी घड्याळ लावीत नव्हते. दिवा लागला की मुले हात जोडीत.

हिंगण्याची वाट

नेम म्हणजे केवळ जपजाप्य नव्हे, हे सांगण्यासाठी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण येथे देतो. अण्णा कर्मकांडात रमणारे गृहस्थ नव्हते. त्यामुळे तीर्थक्षेत्राच्या पुस्तिकेत त्यांचे नाव पाहून कोणास नवल वाटेल. परंतु उत्साहावाचून चालत राहण्याची जी विद्या आहे, तिचा अधिकारी पुरुष महाराष्ट्रात त्यांच्याहून मोठा शोधावा लागेल.

मुरूडचा हा मुलगा सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांसह घाट चढून पायी साताऱ्यास गेला. एवढे चालून गेल्यावर तेथे, वय लहान दिसते या कारणावरून, त्याला परीक्षेस बसू दिले नाही. पुढे त्याने ती दुसऱ्या वेळी दिली आणि तो उत्तीर्ण झाला. १८९१ साली कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, त्याबद्दल मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगणे येथे, रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर एका झोपडीत हलविला.

त्या काळी हिंगणे म्हणजे माळरान होते. पुण्यापासून सुमारे चार मैल, आणि वाट धड नाही. कॉलेजातील तास आटोपून अण्णा पायी हिंगण्यास जात. जाताना आश्रमासाठी लागणारे जिन्नस स्वतः वाहून नेत आणि सकाळी पुन्हा पुण्यास येत. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल. झोपडीत वाट पाहणाऱ्या मोजक्या मुली व स्त्रिया. देणग्या मागावयास दारोदार जावे, तर पुष्कळ दारे बंद. त्या चिखलातून चालताना रोज त्यांच्या मनात उत्साह उसळत असेल, असे मानण्याचे काही कारण नाही. त्यांना चालावयाचे होते, म्हणून ते चालत होते. त्याच माळावर पुढे शाळा उभी राहिली, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न देण्यात आले. या पुरस्काराची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. आम्हांस मात्र त्या चार मैलांचे अगत्य अधिक आहे. वर्षानुवर्षे थोडी थोडी देणगी देणाऱ्या आमच्या दात्यांनाही त्या वाटेचे मर्म अधिक समजेल. पाया खणताना दिलेल्या वर्गणीचा फलक कोठे लागत नाही.

खंड पडला तर

आता सर्वांत नाजूक गोष्टीकडे येतो. नेम घेतला, काही दिवस चालला आणि मोडला. पुढे काय?

या ओळी लिहिणाऱ्याचे वडील पक्षाघाताने तीन वर्षे अंथरुणावर होते. रात्री दोन-तीन वेळा उठावे लागे. त्यापूर्वी रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्या पन्नास ओव्या वाचण्याचा परिपाठ होता. तो प्रथम पंचवीसांवर आला, मग दहांवर, आणि एके दिवशी थांबला. सात महिने पोथी कापडात बांधलेली राहिली. तिच्याकडे पाहिले की अपराधी वाटे, आणि अपराधी वाटे म्हणून तिच्याकडे पाहणेच सोडून दिले. शेजारी एक वृद्ध काकू राहत. त्यांना एकदा म्हटले, “काकू, आता सात महिन्यांचे वाचन भरून काढायचे म्हणजे रोज शंभर ओव्या वाचाव्या लागतील, आणि ते काही होणार नाही.” त्या म्हणाल्या, “अरे, भरून काढायला ते काय सावकाराचं देणं आहे? खूण जिथे आहे तिथून एक ओवी वाच आणि उठ.” दुसऱ्या दिवशी वडिलांना चहा पाजून झाल्यावर एक ओवी वाचली. पुढले दीड वर्ष, वडील गेले त्या दिवसापर्यंत, वाचन बहुधा एका ओवीचेच होत असे. पन्नास ओव्यांच्या दिवसांतील फारसे काही आठवत नाही. त्या एकेका ओवीतील पुष्कळ आठवते.

अर्जुनालाही ही भीती होती. प्रयत्न सुरू केला आणि मधेच मन ढळले, तर असा मनुष्य फाटलेल्या ढगासारखा इकडचा ना तिकडचा होऊन नाहीसा होतो काय, असे तो सहाव्या अध्यायाच्या उत्तरार्धात विचारतो. प्रश्नात खरी धास्ती आहे. भगवंतांचे उत्तर असे की चांगल्या मार्गावर निघालेल्याची दुर्गती होत नाही. जेथे सुटले तेथून त्याला धागा पुन्हा सापडतो. या जन्मी नव्हे तर पुढील जन्मीसुद्धा सापडतो, असे गीता म्हणते. सात महिन्यांची काय कथा!

आणि खंड केवळ व्यक्तीच्याच नेमात पडतो असे नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे आषाढीची पायी वारी नेहमीप्रमाणे होऊ शकली नाही. मानाच्या पालख्यांतील पादुका एसटीच्या गाडीने, मोजक्या माणसांसह पंढरपुरास नेण्यात आल्या. ज्यांची वारी कधी चुकली नव्हती, अशा वृद्ध वारकऱ्यांनी ती दोन वर्षे घराच्या ओसरीवर काढली. कोणी अंगणातच टाळ घेऊन उभे राहिले, कोणी हरिपाठ तेवढा चालू ठेवला. त्यांतील काही पुढल्या वारीपर्यंत राहिले नाहीत. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, ती पूर्वीच्याच वाटेने आणि दिंड्यांच्या पूर्वीच्याच क्रमाने. राहिलेल्या दोन वाऱ्या भरून काढण्यास कोणी कोणास सांगितले नाही. आजोबांच्या जागी काही ठिकाणी नातू चालू लागला होता. वारी घराण्यात चालते याचा हाही अर्थ आहे, की एकाचे पाय थकले तर नेम दुसऱ्याने उचलावा. घरातील रुग्णसेवेचा भारही असाच वाटून घेता येतो. एकट्या सुनेने किंवा एकट्या मुलीने तो वाहावा, असे शास्त्र नाही.

भक्तनिवासाची खोली सोडण्यापूर्वी आपण एक गोष्ट करावी, अशी विनंती आहे. केलेल्या संकल्पांतून एकच निवडावा. तो इतका लहान करावा की तापाच्या दिवशीही होऊ शकेल. रोज घडणाऱ्या कोणत्या प्रसंगाला तो जोडावयाचा, आणि उद्यापन कोणत्या तिथीस करावयाचे, हे येथेच ठरवावे. घरातील एका माणसाला तो सांगून ठेवावा, म्हणजे आपण विसरलो तर ते माणूस आठवण देईल. टोचून बोलणारे माणूस मात्र यासाठी निवडू नये.

आणखी एक. पुढील आषाढात पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आपला प्रवास माळशिरस, फलटण, लोणंद, जेजुरी किंवा सासवडकडून होणार असेल, तर रस्त्याच्या कडेने भिजलेल्या पताका घेऊन पुण्याच्या दिशेने चालणारी थोडी माणसे आपणांस दिसतील. गाडी थांबवावी. त्यांना चहा विचारावा, कोणाला पायाला पट्टी हवी असेल तर द्यावी, आणि जमल्यास पुढल्या विसाव्यापर्यंत त्यांच्यासोबत चालावे.